उद्यमबागेची खंडेनवमी

जपान पाहून आलेल्या प्रवाशांची वर्णने वाचू लागले, की त्यांत एक प्रसंग हमखास भेटतो. टोकियोच्या आसाकुसा नावाच्या जुन्या पेठेत प्रवासी शिरतो. कामिनारिमोन या वेशीत टांगलेल्या प्रचंड तांबड्या कंदिलाखालून, खेळणी व खाऊ विकणाऱ्या लहान लहान दुकानांच्या रांगेतून तो सेन्सोजी मंदिरापाशी पोचतो. तेथे धुपाच्या मोठ्या पात्राभोवती उभी असलेली माणसे धूर ओंजळीने अंगावर घेत असतात. आणि सहज मान वर करावी तो सुमिदा नदीच्या पलीकडे २०१२ साली खुला झालेला, ६३४ मीटर उंचीचा पोलादी मनोरा दृष्टीस पडतो. प्रवासी थक्क होतो आणि जुन्या-नव्याच्या संगमावर दोन परिच्छेद लिहून मोकळा होतो. अलीकडे आपल्या घराघरांतील मुले संगणकाच्या कामानिमित्त तिकडे राहू लागल्यामुळे हे दृश्य वाचकांनाही आता अपरिचित राहिलेले नाही.

आम्ही जपान पाहिलेला नाही. पुस्तकांतूनच काय तो परिचय. तरीही आम्हांस असे वाटत आले आहे, की मंदिरामागे मनोरा दिसणे ही काही फार मोठी नवलाई नव्हे. तसे तर कोणत्याही वाढत्या शहरात दिसते. तिथला माणूस रोजचे काम करताना जुन्यातले किती आणि नव्यातले किती हाताशी घेऊन बसतो, हे पाहण्यात खरी गंमत आहे. त्या नजरेने पाहावा असा एक भाग आमच्या बेळगावात आहे, आणि तो पाहण्यास आजवर कोणी पाहुणा आलेला आम्हांस ठाऊक नाही. बेळगावास येणारे आप्त किल्ल्यातील कमल बस्ती पाहतात, कपिलेश्वराचे दर्शन घेतात, शहापुरात साड्या घेतात आणि कुंद्याचे डबे बांधून परत जातात. उद्यमबागेत जावे असे त्यांच्या मनातही येत नाही. तेव्हा या लेखाच्या निमित्ताने वाचकांनी आमच्याबरोबर तेथवर यावे, एवढीच विनंती.

शासनदरबारी २०१४ पासून आमच्या शहराचे नाव बेळगावी झाले आहे. घरांतून मात्र बेळगाव हेच तोंडी आहे. स्थानकापासून दक्षिणेस निघाले म्हणजे टिळकवाडीचा विस्तार लागतो. येथील माणसे पत्ता सांगताना रेल्वेची फाटके मोजतात : पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट. वाटेत १९२४ च्या डिसेंबरात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही आहे. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. तिसऱ्या गेटाच्या आसपास बंगल्यांची वस्ती विरळ होते, गाड्यांच्या आवाजात घणांचा आणि यंत्रांचा आवाज मिसळू लागतो, आणि खानापूरकडे व पुढे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने उद्यमबाग सुरू होते. नावात बाग आहे, प्रत्यक्षात आहेत त्या पत्र्याच्या उतरत्या छपरांच्या शेड, धुराडी, वजनकाटे, भंगाराचे ढीग आणि काळ्या वाळूचे उंचवटे. एका अंगास अनगोळ आणि मजगाव ही जुनी गावे. पुढे पिरनवाडी आणि मच्छे. येथे ओतीव लोखंडाचे सुटे भाग होतात, हायड्रॉलिक दाबयंत्रे होतात, पंपांची आणि झडपांची कवचे होतात. ज्या पंपाने तुमच्या गावच्या विहिरीचे पाणी वर येते, त्याचे अंग कदाचित येथील वाळूत जन्मले असेल.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव सर्व मराठी घरांना पूज्य. पण त्यांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, आणि त्यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावचा, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेलेल्या या तरुणाला रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. त्याने चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाची वाट धरली. १८८८ साली बेळगावात निघालेले किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान ही त्या उद्योगाची पहिली पायरी मानली जाते. पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर होऊ लागले. लोखंडाने जमिनीला विष चढते असे शेतकऱ्यांस वाटे, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. इतके सोसूनही लक्ष्मणराव टिकले असते. परंतु नगरपालिकेने ठळकवाडीची नवी वसाहत आखली आणि कारखान्याची जागा रिकामी करावयास सांगितली. अखेर औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली, आणि १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

ठळकवाडी म्हणजे आजची टिळकवाडी. जिच्यासाठी एका ओतकाम करणाऱ्या माणसास गाव सोडावे लागले, तीच वसाहत ओलांडली की उद्यमबाग लागते. इतिहासात असे योग येतात. त्यावर फार भाष्य न करता एवढेच म्हणू, की कारागीर घालवणे किती सोपे असते आणि पुन्हा जमवण्यास किती पिढ्या लागतात, याचा हिशेब आमच्या शहराने एकदा दिलेला आहे.

सकाळी आठाच्या आधी येथे यावे. अनगोळ-वडगावकडून दुचाक्यांची आणि सायकलींची रांग लागलेली असते. मागच्या बाजूस जेवणाचा डबा, पुढे कधी शेतावरून आणलेली वैरणीची पेंढी. रस्त्याच्या कडेला चहाच्या टपऱ्यांवर मराठी, कन्नड आणि आताशा हिंदीही एका वाफेत मिसळते. कर्नाटक लॉ सोसायटीच्या, १९७९ साली स्थापन झालेल्या गोगटे तंत्रज्ञान संस्थेची मुले पाठीला पिशव्या लावून याच गर्दीतून वाट काढतात. पुढे मच्छेस १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. संगणकावर आराखडा काढणारा मुलगा आणि त्या आराखड्याचे लोखंड ओतणारा त्याचा शेजारी एकाच बाकावर चहा पितात. दोघांस एकमेकांचे काम कितपत कळते, हा प्रश्न निराळा. मग भोंगा होतो आणि रस्ता पाच मिनिटांत रिकामा होतो.

गेल्या नवरात्रात एका परिचिताच्या फौंड्रीत आम्ही दोनदा गेलो : एकदा काम चालू असता, आणि नंतर खंडेनवमीस. पहिल्या दिवशी जे पाहिले ते सांगितल्याशिवाय दुसऱ्या दिवसाचा अर्थ लागणार नाही.

फौंड्रीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू लोखंड असेल अशी आपली समजूत असते. आत गेल्यावर कळते, की ती वाळू आहे. बारीक वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती, थोडी कोळशाची भुकटी आणि बेताचे पाणी घालून ती मळतात. जो भाग करावयाचा त्याचा लाकडी किंवा धातूचा नमुना पेटीत ठेवून भोवती ही वाळू ठोकून बसवतात. पेटीचे दोन भाग असतात, खालचा आणि वरचा. ते उघडून नमुना अलगद काढून घेतला, की त्याच्या आकाराची पोकळी मागे राहते. भाग आतून पोकळ हवा असेल तर त्या जागी वाळूचाच गाभा बसवतात. मग पेट्या जुळवून, वरच्या छिद्रातून सुमारे चौदाशे अंश तापलेला रस ओततात. लोखंड थिजले की वाळू फोडून टाकायची. घडवलेला प्रत्येक साचा एकदाच वापरायचा आणि मोडायचा. तीच वाळू पुन्हा मळायची. गणपतीची मूर्ती करणाऱ्या आमच्या कुंभारांस हा व्यवहार सांगावा लागणार नाही.

पाणी किती घालावे यावर सारे अवलंबून. कमी पडले तर साचा ढासळतो. जास्त झाले तर तापलेल्या रसाने त्याची वाफ होते आणि लोखंडात फुगे राहतात. वरून गुळगुळीत दिसणारा भाग यंत्रावर चढवला की आतले भोक उघडे पडते आणि सारी मेहनत भंगारात. आता वाळूची ओल, ताकद आणि तिच्यातून वायू निसटण्याची क्षमता मोजण्याची उपकरणे आहेत. बेळगाव फौंड्री क्लस्टर या संस्थेमुळे लहान कारखानदारांसही अशा सामायिक सोयी मिळू लागल्या. कोकवर चालणाऱ्या उंच क्युपोला भट्ट्या जाऊन विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या, आणि धूर पुष्कळ कमी झाला. आम्ही गेलो त्या ठिकाणी काचेच्या खोलीत एक मुलगी संगणकापुढे बसून दर तासाची ओल नोंदवत होती.

आणि खाली वाळूपाशी, साठीकडे झुकलेले एक मोल्डर होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी मूठभर वाळू उचलली, दाबली, मूठ उघडली. वाळूच्या गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले होते. मग दोन्ही हातांनी त्याचे दोन तुकडे केले. काठ स्वच्छ निघाले. "गुरुजी, हे असं तुटलं पायजे," ते आम्हांस म्हणाले. "हाताला चिकटली तर पानी जास्त. भुगा झाला तर कमी. वरती ती पोरगी आकडा काढालीया, तो बी बरोबरच असतो म्हना." त्या दिवशीचा आकडा आणि मामांची मूठ यांचे एकमत होते. नसते तेव्हा काय करता, असे आम्ही मालकांस विचारले. ते हसून म्हणाले, "दोघांना एकदा परत बघा म्हणून सांगतो."

आम्हांस या ठिकाणी जपानातील दुसऱ्या एका गावाची आठवण झाली. टोकियोच्या उत्तरेस, आराकावा नदी ओलांडली की कावागुची नावाचे शहर आहे. आसाकुसासारखे ते प्रवाशांच्या यादीत नसते. शोगुनांच्या काळापासून तेथे ओतीव लोखंडाचा धंदा. १९६२ साली तेथील कामगार घरांवर निघालेल्या एका गाजलेल्या जपानी चित्रपटाच्या नावातच क्युपोला भट्टीचा उल्लेख आहे. टोकियोत १९५८ साली आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा क्रीडाज्योतीचे मोठे पात्र ओतण्याचे काम कावागुचीच्या सुझुकी मान्नोसुके या वृद्ध कारागिराने अंगावर घेतले. रस ओतताना साचा फुटला. त्या धक्क्याने म्हातारा अंथरुणास खिळला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याचा मुलगा बुन्गो याने भावांच्या साहाय्याने पुन्हा साचा केला आणि पात्र वेळेत उभे राहिले. १९६४ च्या ऑलिंपिकची ज्योत त्याच पात्रात पेटली.

जपानात लोहार आणि ओतारी यांचा एक सण असतो, भात्याचा सण. ८ नोव्हेंबरला काम बंद ठेवून भाता आणि भट्टी यांची पूजा करायची, आणि जुन्या काळी गावातील पोरांकडे संत्री उधळायची. वाचताना आम्हांस वाटले, की फक्त संत्र्यांऐवजी चिरमुरे घातले की झाली आमची खंडेनवमी! आता कावागुचीतील पुष्कळ फौंड्र्या बंद झाल्या आहेत आणि त्यांच्या जमिनींवर उंच निवासी इमारती उभ्या आहेत. राजधानीच्या इतक्या जवळच्या जमिनीचा भाव लोखंडाच्या भावास परवडला नाही.

खंडेनवमीच्या सकाळी उद्यमबागेत भोंगा होत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळी यंत्रे पुसून, तेलपाणी करून, कुठे रंगाचा हात देऊन ठेवलेली असतात. फाटकाला केळीचे खुंट आणि आंब्याचे डहाळे. रस्त्यावर दुतर्फा झेंडूचे ढीग. टेंपो आणि ट्रक नवरदेवासारखे सजलेले. आत संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्राच्या काचेवर कुंकवाचे स्वस्तिक. विजेच्या भट्टीच्या पॅनेलला हार घातलेला, पण त्याला हात लावण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनने मुख्य खटका बंद केल्याची खात्री दोनदा करून घेतली होती. परंपरा आणि नियम यांचे इतके सोयीचे नाते आम्ही क्वचितच पाहिले. मोल्डिंगच्या जागेवर सतरंजी घालून तीवर रॅमर, थाप्या, चाळण्या, वाळू फुंकण्याचा हातभाता आणि एका ताटात वाळू मांडली होती. त्या वाळूला हळदकुंकू वाहिले. काचेच्या खोलीतील मुलीने आपले ओल मोजण्याचे उपकरणही आणून त्याच सतरंजीवर ठेवले, आणि तेथे कोणास त्यात वावगे वाटले नाही.

मालकांच्या मातोश्रींनी पूजा सांगण्यास भटजींची वाट पाहिली नाही. भटजी त्या दिवशी पंधरा कारखाने करीत असतात. आरती मराठीत झाली, मग एका कामगाराने कन्नडमध्ये देवीचे पद म्हटले. बिहार आणि ओडिशातून आलेली पाच-सहा तरुण मुले मागे उभी होती. त्यांच्याकडे ही पूजा विश्वकर्म्याच्या नावाने सप्टेंबरात होऊन जाते, असे त्यांतील एकाने सांगितले; म्हणजे यांची पूजा वर्षातून दोनदा, अशी थट्टाही झाली. फाटकात कुंकू भरलेला कोहळा फोडला. चिरमुरे, खोबरे, पेढे वाटले.

या दिवसाची खरी शोभा कामगारांच्या घरच्या मंडळींनी येते. एरवी ज्या फाटकाच्या आत कोणास येऊ देत नाहीत, ते त्या दिवशी मोकळे असते. नवी लुगडी नेसलेल्या बायका, हाताला धरलेली पोरे. आणि बाप आपल्या यंत्रापाशी उभा राहून हे काय, ते काय, असे दाखवीत असतो. वर्षभर घामाने आणि काळ्या धुळीने माखून घरी येणारा बाप येथे नक्की काय करतो, हे लेकराला त्या एका दिवशी कळते. शाळेत आम्ही व्यवसायांची चित्रे भिंतीवर लावतो. त्यांचा उपयोग याच्या शतांशही नसेल.

पूजेनंतर मालकांनी आम्हांस बाजूला घेतले. "सर, तुमच्या शाळेतनं पोरं पाठवा की. मामा या महिन्याला रिटायर. दुसरे दोघं पुढच्या वर्षी. मशीन घेतो म्हटलं तर बँक पैसे देते, वाळू ओळखणारा माणूस कुठली बँक देणार?"

हा प्रश्न सोपा नाही, आणि मुख्याध्यापकाने त्यास लगेच मान डोलवावी असेही नाही. उन्हाळ्यात भट्टीपुढचे ऊन काय असते ते आम्ही पाहिले आहे. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसांचा दुर्धर विकार जडतो, आणि तोंडाला पट्टी बांधण्याचा कंटाळा करणारे कामगार व त्याकडे काणाडोळा करणारे मालक दोन्ही या वसाहतीत आहेत. आपल्या मुलाने हे करू नये असे कामगारालाच वाटते, तर त्याला दोष कसा द्यावा? मामांचा मुलगा पुण्यास एका कंपनीत आहे. "बरं चाललंय त्याचं. हितं कशाला येतोय तो," मामा म्हणाले, आणि त्यात खंत होती की समाधान, हे आम्हांस ठरवता आले नाही.

दुसरी बाजू शेताची. येथील जुना कामगार अर्धा शेतकरी होता. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर ही शिवारे बेळगावच्या सुवासिक बासमती तांदळाची. भाताच्या लावणीस, वडगावच्या मंगाईच्या आषाढातील यात्रेस किंवा गावच्या महालक्ष्मी यात्रेस त्याची रजा ठरलेली; मालक कुरकुर करीत, पण तो परत येई याची खात्री असे, कारण त्याचे घर दोन मैलांवर होते. आता हलगा ते मच्छे या बायपास रस्त्यासाठी याच शिवारांतील सुपीक पट्टा मागण्यात आला, आणि शेतकऱ्यांनी त्यासाठी बांधावर आणि न्यायालयात वर्षानुवर्षे झुंज दिली. रस्ता नको असे कारखानदार म्हणणार नाहीत. त्यांचा माल त्याच रस्त्याने जातो. पण शेत गेले की शेतकऱ्याचा मुलगा गावात राहण्याचे एक कारण कमी होते, आणि मग तो उद्यमबागेतही राहत नाही. या दोन गोष्टी निरनिराळ्या कचेऱ्यांच्या निरनिराळ्या फायलींत असतात, म्हणून त्यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

आम्ही मालकांस सांगितले, की दहावीनंतर आयटीआयकडे जाणाऱ्या मुलांना दिवाळीच्या सुटीपूर्वी एक दिवस येथे आणू. मात्र काम चालू असताना, आणि मामांनी स्वतः दाखवावे. मुखपट्ट्या मुलांच्या संख्येइतक्या असाव्यात, ही अट घातली. पगार किती, बढती कशी, हेही मुलांसमोर स्पष्ट सांगावे लागेल, असे म्हटले तेव्हा मालक क्षणभर थांबले. मग म्हणाले, "सांगतो की. लपवायचं काय त्यात."

निघताना पाहिले, तर मामांचा नातू वाळूच्या ढिगाशी बसला होता. सुटीसाठी पुण्याहून आलेला, आठवीतला मुलगा, अंगात नवा सदरा. रात्रभर पडून राहिलेली वाळू कोरडी झाली होती. त्याच्या मुठीत गोळा होईना. मामांनी पूजेतला तांब्या आणला, थोडे पाणी शिंपडले, हाताने वाळू वरखाली केली.

"आता दाब," ते म्हणाले.

मुलाने दाबली. गोळा झाला, पण तोडताना एका बाजूने ढासळला. त्याने आजोबांकडे पाहिले. मामांनी तांब्या त्याच्याच हातात दिला.